गोरेशास्त्रींची दोन पुस्तके : तर्क, विश्वास आणि देवाचे कुटुंब

ख्रिस्ती शिकवणुकीनुसार देवाच्या कुटुंबात जागा जन्माने मिळत नाही, विश्वासाने मिळते. हे सांगताना पौल दत्तकविधानाचा कायदेशीर शब्द वापरतो. ही कल्पना काशीला परकी नव्हती. 'दत्तकमीमांसा' हा प्रमाणग्रंथ काशीच्याच नंदपंडितांचा. दत्तक मुलाचे गोत्र बदलते आणि तो त्या घरचा होतो. फरक एवढाच की शास्त्रातल्या दत्तकाला आईवडील देतात. इथे माणूस स्वतः विश्वास टाकून येतो.

या कल्पनेची परीक्षा काशीतल्या एका मराठी पंडिताच्या आयुष्यात झाली. नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन ब्राह्मण. 1844 साली, जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या ख्रिस्ती मत मांडणाऱ्या ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यांचा मुद्दा असा : श्रद्धा आधी, तर्क नंतर, तर्काने शास्त्राच्या मागे चालावे. चारच वर्षांनी, 1848 मध्ये, जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले.

आता 1860 चा त्यांचा हिंदी ग्रंथ 'षड्दर्शन दर्पण' पाहा. इथे भूमिका उलटलेली दिसते. सहा दर्शने तर्काच्या कसोटीवर घासली आहेत. सर्वांत धारदार भाग वेदान्ताचा. जीव आणि ब्रह्म एकच असतील तर पाप कोणाचे आणि भक्ती कोणी कोणाची करायची, हा त्यांचा आक्षेप आहे. अद्वैती याला व्यवहार आणि परमार्थ अशा दोन पातळ्यांचे उत्तर देतो. ते उत्तर गोरे यांना ठाऊक आहे आणि ते त्यालाही भिडतात. म्हणूनच हा ग्रंथ प्रचारपत्रिकेच्या वरचा ठरतो.

तरीही माझ्या मते ग्रंथ एक पायरी आधीच थांबतो. नात्याला दोघे लागतात, इथपर्यंत गोरे वाचकाला आणतात. बाप आणि मूल वेगळे असल्याशिवाय दत्तक होणे शक्य नाही, म्हणजे कुटुंबाची जमीन त्यांनी तयार केली. पण त्या घरात शिरायचे कसे, यावर भर नाही. भर खंडनावर आहे. खंडन पटले म्हणून कोणी कोणाचे मूल होत नाही. पुलाचे गणित बरोबर आहे हे मान्य करणे वेगळे आणि त्या पुलावर पाऊल टाकणे वेगळे. पौलाच्या अर्थाने विश्वास म्हणजे हे दुसरे.

गोरे यांनी स्वतः ते पाऊल टाकले होते, आणि त्याची किंमत मोठी होती. त्या काळात बाप्तिस्मा म्हणजे जातीबाहेर जाणे, पंगत तुटणे. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी आईच्या मृत्यूनंतर पुढे स्टॉर्स या इंग्रज मिशनरी कुटुंबात वाढली. रक्ताचे घर सुटले आणि विश्वासाचे घर परक्या भाषेत मिळाले. 'षड्दर्शन दर्पण' वाचताना ही बाजू तुम्हालाच शेजारी ठेवावी लागते, कारण ग्रंथाचा विषय ती नाही.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचा, हे माझे सांगणे. पहिल्यात श्रद्धेचे महत्त्व आहे पण घर जन्माचे आहे. दुसऱ्यात जन्माचे घर सुटले आहे, पण बोलतो तो तर्क.

विचारासाठी प्रश्न : ज्या कुटुंबात जन्माचा हक्क चालत नाही, तिथे दुसऱ्या पिढीने जन्मलेल्या मुलाचे स्थान काय?