संदर्भ रग्गड, सराव नाममात्र

विदर्भात प्रोग्रॅमिंग शिकलेल्या अनेकांच्या हाती पहिलं पुस्तक पडलं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. थोडं वाचायचं आणि लगेच प्रोग्रॅम लिहायचा, ही त्याची खुबी. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत बसून सी++चं टेम्प्लेट मेटाप्रोग्रॅमिंग, म्हणजे कंपाइल होतानाच कंपायलरकडून हिशेब करवून घेण्याची कला, शिकू पाहणाऱ्याचं अडतं ते नेमकं इथंच. वाचायला खंडीभर आहे, हात चालवायला मात्र फार थोडं.

ही कला जन्मली तीच गमतीनं. १९९४ साली एर्विन उन्रू यांनी सी++च्या प्रमाण समितीपुढे एक प्रोग्रॅम ठेवला. तो कंपाइलच होत नव्हता, पण कंपायलरच्या एररमधून मूळ संख्या बाहेर पडत होत्या! २००१ मध्ये अलेक्झांड्रेस्कू यांचं ‘मॉडर्न सी++ डिझाइन’ आलं. त्यात चातुर्य भरपूर, पण नवख्याची दमछाक होते. शिकवण्याच्या दृष्टीनं अब्राहम्स आणि गुर्तोवॉय यांचं बूस्ट एमपीएल या लायब्ररीवरचं २००४ चं पुस्तक मला अजूनही सरस वाटतं, कारण ते एककांच्या खऱ्याखुऱ्या प्रश्नातून तंत्र उलगडतं.

तोच प्रश्न आपल्याकडे आणू. आलापल्लीच्या सागवानाचा ओंडका घ्या. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी, की आलं घनफळ. आता प्रत्येक राशीच्या टाइपला मीटरचा घातांक जोडायचा. गुणाकार झाला की घातांकांची बेरीज: घेराचे १ आणि १, लांबीचा १, एकूण ३. उद्या कुणी घनफळात चुकून घेर मिळवला, तर कंपायलर जागीच अडवतो, आणि प्रोग्रॅम चालताना या तपासणीचा भार शून्य. तंत्र कशासाठी, हे एवढ्यात कळतं.

पण एमपीएल आता जुनी झाली. सी++११ पूर्वीची असल्यानं तिच्या व्हेक्टरची मूळ मर्यादा २० घटकांची, आणि एक चूक झाली की एररची पानंच्या पानं. लुई डायोन यांच्या ‘हाना’ या नव्या लायब्ररीचं ट्युटोरियल गोड आहे, मासा-मांजर-कुत्र्याच्या उदाहरणानं सुरू होतं. पुढे मात्र अमूर्त संकल्पनांचं रान माजतं. बूस्टमधलीच पीटर दिमोव्ह यांची एमपी११ लायब्ररी छोटी. तिच्या दस्तऐवजात टेस्ट केसेस तयार करण्यासारखी कामाची उदाहरणं आहेत, पण सोडवायला गणितं नाहीत.

आपल्या वर्गांची गोष्ट निराळीच. टर्बो सी++च्या निळ्या पडद्यावर कित्येकांनी सी++ शिकली. तो कंपायलर १९९८ च्या पहिल्या प्रमाणाच्याही आधीचा! आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजात सी++ आहे, ते प्राथमिक पायरीपुरतं. त्यापुढे मराठीत जवळजवळ शुकशुकाट.

माझा क्रम असा: आधी सी++१७ मधलं ‘इफ कॉन्स्टएक्सपर’, मग एमपी११, आणि अब्राहम्सचं पुस्तक पद्धत समजण्यापुरतं. मॅट गॉडबोल्ट यांचा कंपायलर एक्सप्लोरर ब्राउझरमधूनच वापरता येतो, त्यामुळे गावात भारी संगणक नसला तरी अडत नाही. बूस्टचे दस्तऐवज एकदा उतरवून घ्यावेत; मग रेंज असो-नसो. जून २०२५ मध्ये रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःचेच टाइप तपासता येण्याची सोय, सी++२६ च्या मसुद्यात आलं आहे, तेव्हा जुन्या कसरती पाठ करण्यात वर्षं घालवू नयेत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्राध्यापकांना एकच विनंती: पुढच्या सत्रात टेम्प्लेटची व्याख्या लिहून घेण्याऐवजी मोजमापाचं असं एक गणित द्या, आणि विद्यार्थ्यांनी सोडवलेली उत्तरं एररसकट मराठीत छापा.