वाट न दाखवता दोष कसा देणार?



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कचऱ्यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण हा विषय मला नीतिशास्त्राचाच वाटतो. कांटच्या नीतिविचारातलं एक सूत्र आहे: 'तू हे केलं पाहिजेस' असं कुणाला सांगायचं, तर ते त्याला करता येण्याजोगं असलं पाहिजे. जे करायला वाटच ठेवलेली नाही, ते केलं नाही म्हणून दोष देता येत नाही. घरातल्या घातक कचऱ्याच्या बाबतीत आपण वाट न ठेवता दोष देत आलो आहोत. त्या सवयीवर मला आज बोलायचं आहे.

कोणता कचरा म्हणतोय मी? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत यादीच दिली होती: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज. कारखाना नको, प्रयोगशाळा नको, साध्या दोन खोल्यांच्या घरात हे सगळं सापडतं. घरी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची सुई कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि घंटागाडीवर पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसते. ज्याला ती टोचते त्याने ती टाकलेली नसते, आणि ज्याने टाकली त्याला ती कुणाला टोचली हे कधी कळत नाही.

आपल्या वऱ्हाडात कचऱ्याची एक जुनी व्यवस्था होती, उकिरडा. शेण, राख, पालापाचोळा तिथे पडायचा, कुजायचा आणि उन्हाळ्यात गाडीत भरून शेतात जायचा. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आपण म्हणतो. पण ट्यूबलाइटमधला पारा बारा वर्षांनीही पाराच असतो. माणसाची टाकायची सवय जुनीच राहिली, टाकायच्या वस्तू बदलल्या. याला अज्ञान म्हणून मोकळं होता येणार नाही. दुसरी जागा तरी कुठे दिली आपण त्याला?

नियमाने दिली होती, असं कुणी म्हणेल. कागदावर दिली होती, खरं आहे. नागरिकाने हा कचरा वेगळा ठेवावा. स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक जमा केंद्र काढावं आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असं त्यात होतं. आता आपापल्या गावाचा विचार करा. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, जिथून आला असाल ते. तुमच्या गावातलं केंद्र कुठे आहे आणि ते किती वाजता उघडतं, हे सांगता येईल? येत नसेल तर एक तर केंद्र नाही, किंवा आहे आणि तुम्हाला माहीत नाही. कचरा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखंच.

आणि समजा, केंद्र आहे. नियमाने अंतर चौरस किलोमीटरमध्ये मोजलं. माणूस ते रोजात मोजतो. मजुरीला जाणारी बाई दोन सेल आणि गोळ्यांची एक पट्टी टाकायला अर्धा दिवस मोडेल का? तिने मोडू नये, असं माझं मत आहे. तिच्या जागी मीही मोडणार नाही.

दुसरी त्रुटी अधिक मोठी. २०१६ चे नियम लिहिले गेले ते प्रामुख्याने शहरं डोळ्यांसमोर ठेवून. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या साधारण २५ लाख ८६ हजार होती आणि पाचांतले जवळजवळ चार लोक खेड्यात राहणारे. कपाशी-सोयाबीनच्या या जिल्ह्यात सगळ्यात विषारी घरगुती कचरा असतो तो खेड्यातच, फवारणीच्या बाटल्यांचा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करता करता माणसं दगावली, तेव्हा या विषाची ताकद महाराष्ट्राला कळली. बाटली रिकामी झाली म्हणजे ते विष संपत नाही. ती धुऱ्यावर पडते, नाल्यात जाते, नाहीतर तशीच न धुता भंगारात जाते. आपण या द्रव्यालाही 'औषध'च म्हणतो. शब्दानेच भीती निम्मी केली.

या बाटलीचं काय करायचं, याबद्दल कायदा काय सांगतो? १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ४४वा नियम सांगतो की वापरलेली वेष्टनं फोडावीत आणि वस्तीपासून दूर पुरावीत. म्हणजे विष नजरेआड करावं. ब्राझीलने २००० साली वेगळा कायदा केला. शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवायची आणि परत द्यायची. कुठे परत द्यायची, ते खरेदीच्या पावतीवरच लिहिलेलं असतं. पुढची विल्हेवाट उत्पादकांकडे. लांबच्या लहान शेतकऱ्यांसाठी फिरतं संकलनही असतं. तिथे कीटकनाशकांची ९० टक्क्यांहून जास्त प्लास्टिक वेष्टनं परत येतात. ब्राझीलचा शेतकरी आपल्यापेक्षा सज्जन आहे, असं मानायचं कारण नाही. त्याच्या खिशातल्या पावतीवर पत्ता आहे, इतकंच.

इतकं लांबही जायला नको. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी उकिरड्यावर टाकलेली पाहिलीत? २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्याला बंधन घातलं की जुनी बॅटरी परत घ्या आणि ग्राहकाला योग्य ती सूट द्या. शिशाला भाव होताच. त्यामुळे बॅटरीला परतीची वाट मिळाली. सेल, सुई, ट्यूबलाइट यांना भंगारात भाव नाही, म्हणून वाटही नाही. बाजार जिथे वाट काढत नाही, तिथेच शासनाचं काम सुरू होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वस्तू ज्या वाटेने घरात आली, त्याच वाटेने परत जाऊ द्या. बाटली कृषी सेवा केंद्रात, गोळ्या आणि सुया मेडिकलमध्ये, ट्यूब आणि सेल इलेक्ट्रिकच्या दुकानात. दुकानदाराने फक्त जागा द्यायची, खर्च उत्पादकाने सोसायचा. आणि महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच एक गाडी उभी करा. त्या दिवशी सारा तालुका तिथे येतोच, वेगळा फेरा कुणाला पडत नाही.

यावर एक आक्षेप मी मनापासून मानतो. गोळा करणं सोपं, पुढे काय? आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरकडचं बुटीबोरीचं घातक कचरा प्रक्रिया केंद्र, तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथवर नेण्याची ठरलेली तारीख आणि पैसा नसेल, तर आपण प्रत्येक तालुक्यात विषाचं एकेक गोदाम तयार करू. आणि लोकांनी निवडून दिलेला कचरा गाडीत पुन्हा एक झालेला त्यांनी एकदा पाहिला, की ते परत निवडणार नाहीत. तेव्हा सोय म्हणजे दारातला डबा एवढंच धरू नका. डब्यापासून बुटीबोरीपर्यंतची सगळी साखळी धरा.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. सोयी दिल्या की लोक आळशी होतात, म्हणे. अहो, पाण्याचा नळ दारात आला म्हणून कुणी पाणी प्यायचं सोडलं नाही! पोस्टर लावणं स्वस्त असतं आणि साखळी उभी करणं महाग, म्हणून आपण पोस्टरला जनजागृती म्हणतो आणि उरलेलं अपयश लोकांच्या नावावर लिहितो. आधी वाट द्या. मग जो तरीही सुई पिशवीत टाकेल, त्याला खुशाल दंड करा, मी त्या दंडाच्या बाजूने उभा राहीन. सोय जाणेल तो सोयरा, असं आपल्याकडे म्हणतात. शासनाने आधी सोयरं व्हावं, मग शास्ता.