महाविद्यालयीन इमारतींतील उजेड, उष्मा आणि ऊर्जा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत, असे आपण शालेय वयापासून शिकत आलो आहोत. या यादीत निवारा तिसरा येतो आणि म्हणूनच की काय, त्याच्या गुणवत्तेची चर्चाही नेहमी शेवटीच होते. इमारत उभी राहिली, तिचे उद्घाटन झाले, कोनशिला बसली की विषय संपतो. त्या इमारतीत एप्रिल महिन्यात दुपारी तीन वाजता बसून काय वाटते, हा प्रश्न कोणत्याही प्रस्तावात, निविदेत वा मूल्यमापनाच्या तक्त्यात सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यवर्ती ठेवून ऊर्जाविषयक संहिता, आपल्या भागातील पारंपरिक घरबांधणी आणि महाविद्यालयांच्या आजच्या इमारती यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक भूगोलाचा अध्यापक आहे, स्थापत्यविशारद नाही. तथापि सूर्याची उंची आणि वाऱ्याची दिशा हे विषय भूगोलाचेही आहेत, एवढाच या लेखनामागील अधिकार.

सूर्य आणि छज्जा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. जिल्ह्याचे मुख्यालय साधारणतः १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या एका आकड्यातून इमारतीविषयी बरेच काही निष्पन्न होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून विद्यार्थ्यांना आपण जो मैदानावर दाखवितो, तो हाच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन झेलते ते छत, भिंती नव्हेत. दक्षिणेची भिंत तर त्या दिवसांत जवळपास सुटते. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते, जे त्या वेळी हवेसेच असते.

आपल्याकडे खिडकीवर दीड फुटांचा छज्जा काढण्याची रीत आहे. चार फूट उंचीच्या दक्षिणाभिमुख खिडकीला मार्च व सप्टेंबरच्या संपातदिनी मध्यान्ही हा छज्जा पूर्ण सावली देतो. डिसेंबरात तोच छज्जा खिडकीचा बराचसा भाग उघडा सोडतो. इतके नेमके गणित साधलेले असताना आपण तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवरही बसवितो आणि निश्चिंत होतो. मे महिन्यात सायंकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर, जवळजवळ थेट समोर असतो. त्या वेळी दीड फुटांचा छज्जा खिडकीच्या वरच्या वीस सेंटिमीटरांना सावली देतो. उरलेल्या खिडकीतून ऊन फळ्यापर्यंत पोहोचते.

याचा परिणाम कोणत्याही महाविद्यालयात पाहावयास मिळतो. पश्चिमेच्या वर्गाच्या काचांना कोणीतरी हिरवा रंग दिलेला असतो. कोठे जुनी वर्तमानपत्रे चिकटविलेली असतात. कोठे गतवर्षीच्या चर्चासत्राचा फलक उलटा करून टांगलेला असतो. ऊन थांबते, पण त्याबरोबर उजेडही थांबतो, वाराही थांबतो. मग भर दुपारी सहा नळीदिवे लागतात. दिवसाच्या उजेडाचे वैपुल्य असलेल्या प्रदेशात दिवसा दिवे लावून शिकविणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची विसंगती जाणवेनाशी झाली आहे.

उजेडाविषयी भारतीय मानकाचे गणित सोपे आहे. बाहेरील आकाशाचा प्रकाश ८००० लक्स धरावयाचा. त्याचा एक टक्का म्हणजे ८० लक्स. वर्गखोलीसाठी हा दिवसप्रकाश गुणांक १.९ ते ३.८ टक्के असावा, म्हणजे बाकावर साधारणतः १५० ते ३०० लक्स मिळावेत. खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंतच पोहोचतो, असा एक ढोबळ नियम आहे. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर चौदा फूट. आपल्या वर्गाची खोली वीस फुटांची असते. म्हणजे दुसऱ्या बाजूने उजेड न घेतल्यास शेवटचे सहा फूट अंधुकच राहणार. आणि त्या बाजूला असतो बंदिस्त मधला जिना किंवा दुसरा वर्ग. ज्या जुन्या शाळांना एका बाजूने खुला व्हरांडा आणि व्हरांड्याकडेही खिडक्या होत्या, त्यांनी हा प्रश्न कोणतेही मानक न वाचता सोडविला होता.

माळवदाचा वारसा आणि १९९३

एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी ग्रामीण वस्त्यांचा अभ्यास करीत असताना लेखकाने माळवदाची अनेक घरे आतून पाहिली. जाड दगडी भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात एक साणे. बाहेर चाळीस अंश असताना आत गारवा. दुपारची उष्णता मातीच्या थरातून आत उतरावयास दहा-बारा तास लागतात आणि तोवर बाहेर मध्यरात्रीची हवा वाहत असते. औंढा नागनाथच्या मंदिरात जमिनीखालच्या गर्भगृहात उतरताना भर उन्हाळ्यातही जो बदल अंगाला जाणवतो, त्यामागे दगडाचे वस्तुमान आणि भूमीचे स्थिर तापमान ही तत्त्वे आहेत.

या वारशाविषयी आपल्या नियतकालिकांत अलीकडे बरेच गौरवपर लेखन होते. त्यातील बहुतेक लेखन दोन गोष्टी विसरते. पहिली म्हणजे माळवदाचे घर अंधारे असते. तो गारवा उजेड नाकारून मिळविलेला आहे. ज्या घरात दिवसाचा वेळ अंगणात वा शेतात जातो तेथे हे चालते. ज्या वर्गात साठ विद्यार्थ्यांना वहीत लिहावयाचे आहे तेथे चालत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुसंख्य अशाच घरांच्या मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून. दीड फूट मातीचे वजन चौरस मीटरला सातशे किलोच्या घरात जाते. पाच इंची सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबचे सुमारे तीनशे किलो. ज्या घरांत माळवदाचा भार नीट सांधलेल्या लाकडी खणांवर होता त्यांतील काही तगली, ही नोंद महत्त्वाची. परंतु ती अपवादाची. खुद्द आपल्या जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ आणि १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदेच्या ग्रामस्थांना जमिनीखालचे आवाज नवे नाहीत. तेव्हा 'माळवदाकडे परत चला' हा उपदेश निदान मराठवाड्यात तरी कोणी करू नये.

तरीही १९९३ नंतर जे घडले ते निर्दोष नव्हते. पुनर्वसित गावे मोठ्या भूखंडांवर, रुंद आणि सरळ रस्त्यांच्या चौकटीत वसविली गेली. भूकंपाचे भय त्यातून शमले. मात्र अरुंद गल्ल्यांची परस्परांना मिळणारी सावली गेली आणि जाड छताची उष्णतारोधकताही गेली. वजन काढताना वजनाबरोबर आलेला गुणही आपण काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. हीच प्रक्रिया पुढे घराघरांत, शाळांत आणि महाविद्यालयांत घडली. प्रथम पत्रा, मग स्लॅब. एप्रिलमध्ये ज्या स्लॅबवर कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात, त्याच स्लॅबखाली उन्हाळी परीक्षेचा विद्यार्थी तीन तास बसतो. पातळ स्लॅबमधून उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते. म्हणजे दुपारच्या सत्राचा पेपर बरोबर त्या वेळी चालू असतो.

संहिता कोणासाठी?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. घरांसाठी इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा वाढली आणि २०२४ मध्ये संहितेला शाश्वततेचीही जोड मिळाली. या सर्व दस्तऐवजांमागील परिश्रम निःसंशय मोठे आहेत. प्रश्न त्यांच्या उंबरठ्याचा आहे. व्यापारी व संस्थात्मक इमारतींना लागू होण्यासाठी जोडभार १०० किलोवॅट असावा लागतो. ग्रामीण महाविद्यालयाचा हिशोब करून पाहावा : वीस खोल्या, प्रत्येकी सहा पंखे ७५ वॅटचे, म्हणजे नऊ किलोवॅट; तितक्याच खोल्यांतील दिवे जुन्या चोकसह सहा किलोवॅट; संगणक कक्ष, पंप, कार्यालय मिळून आणखी सात-आठ. एकूण पंचवीसच्या आत. संहितेच्या दृष्टीने ही इमारत अस्तित्वातच नाही. ज्या इमारतीत वातानुकूलन आहे तिची चिंता संहिता करते. ज्या इमारतीत ते नाही आणि म्हणून जेथे भिंत व छत हीच माणसाची एकमेव संरक्षक साधने आहेत, ती तिच्या कक्षेबाहेर राहते.

निकष मात्र उपयोगी आहेत. घरांसाठीच्या संहितेत छताचा उष्णतावहन गुणांक १.२ पेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. उघड्या स्लॅबचा तो साडेतीनच्या आसपास असतो. गंमत अशी की दीड फूट मातीचे माळवद ढोबळ गणिताने या मर्यादेपाशी येऊन ठेपते. आणि स्लॅबवर दोन इंच थर्माकोलसारखा रोधक थर घालून वर कोबा केला तर गुणांक एकच्याही खाली जातो, रोधकाचे स्वतःचे वजन नगण्य ठेवून. किल्लारीने घेतलेला गुण वजनाशिवाय परत मिळविण्याचा हा मार्ग आहे. मात्र येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा गुणांक केवळ किती उष्णता जाते ते सांगतो, केव्हा जाते ते सांगत नाही. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असणाऱ्या आपल्या प्रदेशात 'केव्हा' हा प्रश्न निम्म्याहून अधिक महत्त्वाचा आहे, आणि छताच्या निकषात त्याला स्थान नाही. रात्री खिडक्या उघड्या ठेवून भिंती गार करून घेणे हा स्वस्तातला उपाय त्यामुळे कागदावर कोठेच दिसत नाही. महाविद्यालयात तर शिपाई सायंकाळी साडेपाचला सर्व खिडक्या लावून घेतो, आणि दिवसभराची उष्णता रात्रभर आत कोंडली जाते.

सुखावहतेविषयी एक चांगले काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये केले. वातानुकूलन नसलेल्या भारतीय इमारतींत माणसे कोणत्या तापमानात समाधानी असतात, याचे त्यांनी सूत्र दिले. महिनाभराच्या बाहेरील सरासरीला ०.५४ ने गुणून १२.८३ मिळवावयाचे. बाहेरील सरासरी ३३ अंश धरल्यास उत्तर ३०.६ येते आणि वरची मर्यादा ३३ पर्यंत जाते. म्हणजे आपला विद्यार्थी चोवीस अंशांची मागणी करीत नाही. तो तेहतीस मागतो, आणि तेवढेही आपण वरच्या मजल्यावर देऊ शकत नाही. पंख्याचेही तसेच. खोलीतील हवा चाळीसच्या वर गेली की पंखा शरीरावर उष्ण हवाच लोटतो. त्या तापमानात पंखा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे.

सातव्या निकषाची फाइल

मूल्यांकनाच्या कामात सहभागी झालेल्या प्राध्यापक मित्रांना सातवा निकष परिचित आहे. नॅकच्या नियमपुस्तिकेत ऊर्जेसंबंधी जे पर्याय दिले होते ते असे : सौर ऊर्जा, बायोगॅस, जालाला वीज पुरवणे, संवेदकाधारित बचत आणि एलईडी दिवे. यांतील प्रत्येक गोष्ट विकत आणावयाची आहे, आणि तिचे छायाचित्र व देयक जोडता येते. खिडकीची दिशा, छताचा रंग, व्हरांड्याची सावली यांचे देयक नसते. परिणामी तापलेल्या स्लॅबखाली फिरणारे पंखे सौर विजेवर चालविणारी संस्था गुण मिळवी आणि कडुनिंबाच्या सावलीत, दुतर्फा खिडक्यांच्या बैठ्या इमारतीत दिवे न लावता वर्ग घेणारी संस्था त्या रकान्यात रिकामी राही. सौर पटलांना विरोध नाही. त्यांची सावली छतावर पडते हा त्यांचा न मोजलेला फायदाच आहे. आक्षेप आहे तो वीज कशासाठी लागते हे न विचारता ती कोठून येते एवढेच विचारण्याला. आपणही फाइल पूर्ण करण्याच्या घाईत तो प्रश्न विचारला नाही, हे मान्य केले पाहिजे.

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत-छत धोरण जाहीर केले. हवामान आपल्याशी मिळतेजुळते आणि एके काळी एकाच संस्थानाचा भाग असलेला हा प्रदेश. छत पांढरे ठेवावे, एवढीच त्यातील मूळ कल्पना. गुढीपाडव्यापूर्वी स्लॅबवर चुन्याचे दोन हात देण्यास ना शासन निर्णय लागतो ना निविदा. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण घराला रंग आपण दरवर्षी देतोच.

लेखकाच्या माहितीतील एका महाविद्यालयात सध्या वाढीव मजल्याचा नकाशा तयार आहे. सहा वर्गांपैकी चारांच्या खिडक्या पश्चिमेला आहेत आणि जिना व प्रसाधनगृहे पूर्वेला. जिना आणि प्रसाधनगृहे पश्चिमेला हलविली तर क्षेत्रफळ तेवढेच राहते, खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि चारही वर्गांना उत्तर-दक्षिण खिडक्या मिळतात. नकाशा अद्याप मंजूर व्हावयाचा आहे. ही सूचना लेखी स्वरूपात देण्यात आली असून पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घेतली जाईल, असे कळविण्यात आले आहे.