तीन रेघांमागचं विद्यापीठ

पेणच्या माणसाला समीक्षेची सवय लहानपणापासून असते. गणपतीच्या कारखान्यात शिरून ‘डोळे जरा तिरके झालेत हो’ एवढं म्हटल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पण एका विद्यापीठाच्या संकेतस्थळाची समीक्षा करायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. (नाव सांगत नाही. भाचीची कागदपत्रं अजून त्यांच्याच ताब्यात आहेत.)

रोह्याहून भाचीचा फोन आला. “मामा, मला दुसऱ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. पण मायग्रेशन सर्टिफिकेट हवंय आणि त्याचा फॉर्मच सापडत नाहीये. उद्या शेवटची तारीख!”

मी चष्मा पुसून मोबाइलवर विद्यापीठ उघडलं. संकेतस्थळ नुकतंच नव्याने सजवलेलं. वर कुलगुरूंचा संदेश, खाली हवेत टोप्या उडवणारी मुलं, मग कसल्याशा करारावर सह्या करणारी मंडळी. चित्रं आपोआप सरकत होती. एक वाचायला घ्यावं तर ते निघून जाई.

“वरच्या तीन रेघा दाबा, मामा.”

रेघा मला दिसल्या होत्या. पण आजोबांच्या कपाळावर भस्माचे पट्टे असत तसलं काही मंगलचिन्ह असेल म्हणून मी हात लावला नव्हता. दाबल्यावर यादी उलगडली : प्राधिकरणे, विभाग, कक्ष, उपक्रम, संकीर्ण. ‘विद्यार्थी’ असंही एक दालन होतं. त्यात वृक्षारोपणाचे फोटो होते. शोधाच्या चौकटीत ‘मायग्रेशन’ लिहिलं, तर पक्ष्यांच्या स्थलांतरावरच्या चर्चासत्राचं निमंत्रण आलं. भाषा बदलून पाहिली, तर पुन्हा पहिल्या पानावर, टोप्यांपाशी!

रंगकाम उत्तम आहे, हे कबूल. दोष आखणीत आहे. ही यादी म्हणजे विद्यापीठाच्या कचेऱ्यांची यादी. कुठला साहेब कुठे बसतो हे ती सांगते. आलेल्याचं काम कुठे होईल हे नाही. एस.टी.च्या पाटीवर ‘रोहा’ लिहितात, गाडी कोणत्या साहेबाच्या अखत्यारीत आहे ते नव्हे. अर्थात हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २०१० साली रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने दोन वर्तुळं काढली. एकात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर काय असतं ते, दुसऱ्यात लोक काय शोधायला येतात ते. दोन्हींत सामाईक गोष्ट एकच : विद्यापीठाचं पूर्ण नाव!

उपाय स्वस्त आहे, आणि या धंद्यातली माणसं तो कित्येक वर्षं करत आली आहेत. एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या दहा-पंधरा मुलांपुढे टाकायच्या आणि म्हणायचं, ‘लावा गठ्ठे, नावंही तुम्हीच द्या.’ माझी खात्री आहे, एकही मुलगा गठ्ठ्याला ‘संकीर्ण’ म्हणणार नाही. ‘दाखले’ म्हणेल.

पॅसेंजरने पेणहून रोह्याला जाताना मधे कासू, नागोठणे, निडी अशी तीन स्टेशनं लागतात. फॉर्मपर्यंत आम्हाला सात लागली. शेवटचं ‘परिपत्रके’. तिथे फॉर्म आडवा पडला होता. कागदाचा नुसता फोटोच तो, त्यातलं अक्षर शोधयंत्राला काय कळणार? मी मान वाकडी करून वाचत गेलो. रात्रीचे पावणेबारा झाले होते. तळाशी बारीक अक्षरांत होतं, ‘महाविद्यालयाच्या शिक्क्यासह’.

“मामा, कॉलेजचं ऑफिस किती वाजता उघडतं हो?”

“थांब, कॉलेजच्या संकेतस्थळावर बघतो.”

“नको, नको!” ती घाईघाईने म्हणाली. “मी आपली सातपासून फाटकाशी जाऊन उभी राहते.”