साडेतीस घोडे

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. मुलगा हुशार आहे, पगार चांगला आहे आणि लग्न अजून व्हायचं आहे. म्हणजे मोठी चूक करायला माणसाला जे जे लागतं ते सगळं त्याच्यापाशी आहे. गेल्या महिन्यात त्यानं मला एक लांबलचक तक्ता पाठवला आणि वर लिहिलं, "मामा, स्पोर्ट्‌स कार घेतोय. शेवटी दोन उरल्यात. तुमचं मत हवं."

वाहनाच्या बाबतीत माझं मत मागणारा आमच्या घराण्यात हा पहिलाच. मी साताऱ्याच्या स्टँडवर रिक्षा ठरवली तरी आमची सौभाग्यवती पलीकडच्या रिक्षावाल्याला भाव विचारून येते. त्यामुळे मी चष्मा पुसून तक्ता वाचायला घेतला. एका बाजूला पोर्शे नाइन-इलेव्हन, दुसऱ्या बाजूला माझदाची एमएक्स-५. मध्ये सतरा रकाने. शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत, घोडे किती, वजन किती, डिकी किती लिटरची. डिकी लिटरवर मोजतात हे मला नवीन होतं. तिकडं डिकीतून ताक नेत असावेत.

दोन्ही गाड्या खानदानी, याबद्दल शंका नाही. पोर्शेची गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं म्हणून फ्रान्सच्या प्यूजोनं हरकत घेतली, म्हणून ९११ झालं. शून्यावरून भांडणारी माणसं फक्त आपल्याकडच्या सोसायट्यांत असतात असा माझा समज होता. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. तिथं ते असू नये असं शास्त्र सांगतं, आणि पोर्शेवाले साठ वर्षं ते तिथंच ठेवून शास्त्राला वळवून घेताहेत. माझदाची गाडी १९८९ सालची. दोन माणसांची, हलकी, अंगात जोर बेताचा. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत हे तिच्या जपानी कर्त्यांचं ब्रीद. ही गोष्ट साताऱ्याला जपान्यांनी शिकवावी असं नाही, पण विचार चांगला आहे.

तक्ता मी दोनदा वाचला. हिशेब चोख होता, पण समीक्षा म्हणून तो कच्चा होता. गाडी पळते तेव्हाचं सगळं त्यात होतं, आणि गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ पळत नाही याची त्याला दाद नव्हती. हे मी कोणत्या अधिकारानं म्हणतो, तर १९८८ साली मी राजदूत साडेतीनशे विकत घेतली होती.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजदूत म्हटलं की दूधवाल्याच्या किटल्या डोळ्यांपुढं येतात. 'बॉबी' सिनेमामुळं 'बॉबी' हेच नाव पडलेली आणखी एक राजदूत होती. ही ती नव्हे. ही जपानच्या यामाहाची आरडी साडेतीनशे, १९८३ पासून राजदूत या आडनावानं भारतात नांदायला आलेली. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि साडेतीस घोडे. तेवढे घोडे भारतीय रस्त्याला झेपणार नाहीत असं वाटलं म्हणून की काय, पुढं सत्तावीस घोड्यांचीही काढली. मी साडेतीसवालीच घेतली. साडेतीन घोड्यांवरून माघार घ्यायचं माझं वय नव्हतं.

तशी निवड करायला त्या काळात फार वाव नव्हता. आमच्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, पण नवीन स्कूटर म्हणजे नंबर लावून वाट बघण्याचा मामला. बाळाच्या बारशाला नंबर लावावा आणि मुंजीला स्कूटर यावी, असा तो काळ. उरल्या मोटारसायकली. त्यांची परीक्षा मी माणसं बघून केली.

बुलेट होती शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडे. आमचा जिल्हा फौजेचा. अपशिंगे नावाच्या गावापुढं लोक 'मिलिटरी' लावतात. सुभेदार किक मारण्याआधी अँमीटरचा काटा मध्यावर आणून असे स्तब्ध उभे राहत की रस्त्यानं जाणाऱ्यानं नकळत सावधान व्हावं. घोडे अठराच, पण अठराही शिस्तीचे. मात्र वेळ चुकली तर किक उलटी पायावर येई, आणि माझे पाय सिव्हिलियन. येझदी होती आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे. तिची किक मारून झाली की तीच दांडी पुढं वळवून गिअरला वापरायची. एका पगारात दोन कामं करणारी, म्हणून मास्तरांना ती जवळची वाटे. घोडे सोळा. आणि राजदूत होती सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाकडे. ती विकायची होती, कारण वडिलांनी पेट्रोलची बिलं एकदा बेरीज करून बघितली.

सांगली म्हणजे माझी सासुरवाडी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथं 'सीतास्वयंवर' केलं, आणि तेव्हापासून सांगलीकर जगाकडं तिकीट काढून आल्यासारखा बघतो. आमचे सासरे, नाना, तर पहिल्या रांगेतले. मुलगी दाखवायच्या वेळी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं होतं की मला वाटलं, आता एकतर वन्समोअर मिळतो नाहीतर पडदा पडतो. त्यांना गाडी दाखवायला नेली. मी आकडे सांगत होतो, ते सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, नाटक आणि गाडी पहिल्या अंकावर पसंत करू नये. पहिला अंक सगळ्यांचाच रंगतो. तिसऱ्या अंकाला खुर्चीत किती माणसं राहतात ते बघायचं."

मी गाडी पहिल्या अंकावरच घेतली.

पहिला अंक खरोखर रंगला. पोवई नाक्यावर ती सुरू केली की हॉटेलातली माणसं चहा बशीत ओतायची थांबत. दुसऱ्या अंकात संसार सुरू झाला. सौभाग्यवती मागं बसायला तयार असे, पण बसण्यापूर्वी शपथ घाली, "चाळीसच्या वर गेलात तर उतरेन." धावत्या गाडीवरून ही कशी उतरणार, असं विचारण्याचं धैर्य मला नव्हतं, तिला होतं. म्हणजे साडेतीसपैकी पंचवीस घोडे घरी बांधून आम्ही यवतेश्वराच्या दर्शनाला जात असू. टू-स्ट्रोक इंजिन असं रेंगाळत चालवलं की प्लगवर काजळी धरते. मग घाटात थांबून मी प्लग पुसायचा आणि तिनं देवाचं नाव घ्यायचं. तरी देवदर्शनाला निघालो होतो म्हणून ते खपून जाई.

शिवाय कार्बुरेटर दोन. दोन कार्बुरेटर म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एकीला थेंबभर जास्त मिळालं की दुसरी फुरफुरते. त्यांचा समेट करणारा मेस्त्री साताऱ्यात एकच होता. तो स्क्रू हातात घेण्याआधी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐके. तो गावाला गेला की गाडी सुतकात. भाच्याच्या तक्त्यात 'देखभालीचा वार्षिक खर्च' असा रकाना आहे. 'मेस्त्री गावाला गेल्यास' असा नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. तिसरा अंक वेगळा होता.

१९९१ च्या जानेवारीत, ही संक्रांतीला माहेरी गेलेली असताना, रात्री नऊला शेजाऱ्यांकडे फोन आला. नानांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय, या. मी मफलर गुंडाळला आणि किक मारली. एरवी तीन किका मागणारी गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. सातारा ते सांगली सुमारे एकशेवीस किलोमीटर. कऱ्हाडपर्यंत रस्ता मोकळा होता. गाडी सहाव्या गिअरमध्ये गेली, आणि जे साडेतीस घोडे मी अडीच वर्षं बांधून ठेवले होते ते सगळे एकदम सुटले. खरं सांगतो, मला आनंद झाला. सासरे दवाखान्यात आणि जावई आनंदात, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पण समीक्षा करायची तर एवढं खरं बोललंच पाहिजे. वेग ही नुसती बढाई नसते. त्यात एक फार खरं सुख असतं, आणि भीती वाटते ती त्याचीच.

पेठ नाक्यावरून डावीकडं सांगलीच्या रस्त्याला लागलो आणि ऊस सुरू झाला. गळिताचे दिवस. कृष्णाकाठचा सगळा ऊस रात्री रस्त्यावर आलेला. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, शीग लावून भरलेल्या. एक ओलांडावी तर पुढं दुसरी. इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, गेलं. आष्टा गेलं. पुढं रस्ता रिकामा दिसला म्हणून मी पुन्हा वेग घेतला. रिकामा नव्हता. एक ट्रॉली आस मोडून रस्त्यातच उभी होती, दिवा नाही, काही नाही. माझ्या दिव्याच्या उजेडात एकदम उसाची भिंत उभी राहिली.

या गाडीबद्दल जाणकारांची एक जुनी तक्रार आहे. जपानी आरडीला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे दोन्ही चाकांना ड्रम आले. पळण्याची विद्या इथवर पोचली, थांबण्याची वाटेत कुठंतरी उतरली. पण त्या रात्री ब्रेकला बोल लावणं हा कृतघ्नपणा होईल. दिव्याचा उजेड जिथवर पोचतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग घ्यावा, हे मी विसरलो होतो. गाडी फरफटत गेली आणि थांबली तेव्हा हँडल उसात होतं. ट्रॉलीपलीकडून बिडीचा ठिपका पुढं आला. "पावनं, जरा दमानं," तो म्हणाला. तिथून सांगलीपर्यंत मी वीसच्या वर गेलो नाही. आयर्विन पूल लागला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटची एसटी पकडली असती तर थोडाफार मागंपुढं तेवढ्याच वेळेला पोचलो असतो.

नाना जागे होते. झटका सौम्य होता. मी कॉटजवळ वाकलो तेव्हा त्यांनी सलाईन नसलेला हात वर केला आणि माझ्या मफलरातून काहीतरी ओढून काढलं. उसाच्या पाचटाचं एक पातं. ते त्यांनी उजेडात धरून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि उशीखाली ठेवून दिलं. इतक्यात ही आत आली. "एवढा उशीर? गाडी घेऊन आलात ना?" माझ्याआधी नानाच म्हणाले, "ट्रॉल्या होत्या वाटेत. सावकाश आले. शहाणे आहेत."

घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी मला एकट्याला गाठून एवढंच म्हटलं, "नटानं धावत एंट्री घ्यावी, हरकत नाही. पण कुठं येऊन उभं राहायचं ते त्याला माहीत पाहिजे." पुढं नऊ वर्षं ते होते. पाताची गोष्ट त्यांनी लेकीला कधी सांगितली नाही. मी गाडी त्या उन्हाळ्यात विकली. आज तसल्या गाड्यांना हौशी लोक लाखांनी पैसे मोजतात, हे भाच्यानं मला दोनदा ऐकवलंय.

थांबण्याची ही अक्कल आमच्या भागातल्या शेतकऱ्याला आधीपासून आहे. इथली खरी स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे खिलार बैलांची, तीही दोन सिलिंडरची. शर्यतींवर २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना परवानगी मिळाली, आणि २०२३ साली घटनापीठानं कायदा उचलून धरला. शर्यतीचा बैल घेणारा बैलाचे दात बघतो, खूर बघतो, आणि मग विचारतो, "सांभाळायला कोण? आवरतो कुणाला?" २०२५ च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या शर्यतीत फॉर्च्युनर मोटार जिंकणाऱ्या जोडीतल्या एका बैलाचं नाव होतं 'हेलिकॉप्टर बैजा' आणि दुसऱ्याचं 'ब्रेक फेल'. नाव ब्रेक फेल, पण जनावर आवरणारी माणसं होती म्हणूनच मोटार घरी आली असणार.

तेव्हा भाच्याला मी सविस्तर लिहिलं. थांबण्याचा रकाना तुझ्या तक्त्यात चौदावा आहे, तो पहिला घे. रोज ऑफिसला जाताना ज्या गाडीचे सगळे घोडे वापरता येतील ती घे; बांधून ठेवलेले घोडे एक दिवस एकदम सुटतात, आणि तो दिवस आपण निवडलेला नसतो. म्हणून माझं मत माझदाला. लिहून झाल्यावर सौभाग्यवतीला वाचून दाखवलं. पाचटाची गोष्ट मात्र गाळली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गाडीत माणसं किती बसतात?"

"दोन."

"आणि दुसरीत?"

"मागं दोन सीटा आहेत, पण नावाला. मोठं माणूस बसत नाही तिथं."

"लोणच्याच्या बरण्या बसतील का?"

"बसतील."

"मग झालं तर. पुढच्या मे महिन्यात आपण जाणार आहोत त्याच्याकडं. मी पुढं बसेन, बरण्या मागं. तुम्ही बसनं या."

भाच्याला मी कळवलं आहे की समीक्षकांत मतभेद आहेत.