पपईच्या बियांचा अर्क व नराची प्रजननक्षमता : एक समीक्षा

निरोध व नसबंदी यांपलीकडे पुरुषांसाठी प्रचलित असे विश्वसनीय गर्भनिरोधक साधन अद्याप नाही. त्यामुळे वनौषधींच्या अर्काने प्रयोगशाळेतील प्राण्यांचे शुक्राणू घटतात काय, हा विषय महाविद्यालयीन संशोधनात वारंवार निवडला जातो. अशा शोधनिबंधांचे मोल ठरविण्यासाठी पपईच्या बियांवरील काम उपयुक्त कसोटी ठरते.

जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातील एन. के. लोहिया व सहकाऱ्यांचा वानरांवरील (हनुमान लंगूर) शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅम क्लोरोफॉर्म-अर्क रोज तोंडावाटे, ३६० दिवस देण्यात आला. ९० दिवसांनंतर वीर्यात शुक्राणू आढळेनासे झाले. टेस्टोस्टेरॉनच्या पातळीत मात्र बदल झाला नाही. अर्क थांबविल्यानंतर १५० दिवसांनी शुक्राणू पूर्ववत झाले. या निबंधाचे खरे बलस्थान शेवटच्या टप्प्यात आहे. घट दाखवून तो थांबत नाही, ती भरून निघते काय हेही तपासतो.

उंदीरवर्गीय प्राण्यांवरील अनेक लहान प्रयोगांत नेमका हाच टप्पा गाळला जातो. पांढऱ्या घुशीत (रॅट) शुक्राणूनिर्मितीला सुमारे ५२ दिवस लागतात, शिवाय अधिवृषणातील प्रवासाचा काळ वेगळा. अशा स्थितीत ३० दिवसांच्या प्रयोगातून निर्मितीच्या संपूर्ण क्रमाविषयी निष्कर्ष काढणे अप्रस्तुत होय. प्राण्याचे खाणे व वजन घटले असेल, तर शुक्राणूंतील घट सर्वसाधारण विषबाधेमुळेही असू शकते. वजनाची नोंद, नियंत्रण गट आणि मादीशी समागमाची चाचणी नसल्यास ‘प्रजननरोधक’ हे विशेषण पुराव्याच्या पुढे जाते.

प्राण्यांवरून माणसांवर झेप घेण्यातील धोका सरकीतील गॉसिपॉल या द्रव्याने दाखवून दिला आहे. त्याचा परिणाम प्राण्यागणिक बदलतो : हॅमस्टरवर तो तीव्र, सशावर जवळजवळ नाही. चीनमध्ये १९७२ पासून आठ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याच्या चाचण्या झाल्या. शुक्राणू घटले, परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि काहींची प्रजननक्षमता औषध थांबवूनही परतली नाही. अखेर हे औषध मागे पडले.

पपईच्या बाबतीतही मर्यादा उघड आहेत. कच्चा अर्क हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. बियांत बेंझिल आयसोथायोसायनेट हे जैवक्रियाशील द्रव्य आहे. बियांची जात, पक्वता व अर्क काढण्याची रीत बदलली की मिश्रणही बदलते. म्हणून जयपूरच्या गटाने पुढे मिथेनॉलने वेगळ्या केलेल्या उपघटकावर काम केले, हे योग्यच झाले. या बियांपासून पुरुषांसाठी मान्यताप्राप्त औषध तयार झालेले नाही. बिया वाटून खाणे म्हणजे मोजलेला अर्क घेणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

मार्गदर्शक शिक्षकाने विषय मान्य करतानाच तीन बाबी विचाराव्यात : प्रयोगाचा कालावधी निर्मितीचक्राइतका आहे काय, अर्कातील घटक मोजले आहेत काय, आणि अर्क थांबविल्यानंतरच्या निरीक्षणासाठी प्राणी व वेळ राखून ठेवला आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर निष्कर्षात ‘गर्भनिरोधक’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘शुक्राणूंच्या संख्येत घट’ एवढेच लिहावे.