प्रस्तावना कापलेलं प्रॉग

नव्या माणसाला प्रोग्रेसिव्ह रॉकची गोडी लावायचा एक नुस्खा सध्या सर्रास चालतो. त्याला आधी ‘मनी’ ऐकवा, मग ‘विश यू वेअर हिअर’, मग यसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’, जमलंच तर रशचं ‘टॉम सॉयर’. चार-सहा मिनिटांत आटपणारं जे असेल ते पुढे करायचं, वीस मिनिटांचं जे असेल ते माळ्यावर टाकायचं. हैदराबादेत हा नुस्खा आता रंगमंचावरही आला आहे. गचिबोवली-कोंडापूर पट्ट्यातल्या पबांत ट्रिब्यूट नाइट होतात. त्यातल्या एकीत ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ थेट गायनापासून सुरू झालेलं मी या कानांनी ऐकलं. मूळ ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचा आवाज यायला साडेआठ मिनिटं जातात. त्या वेळात सिंथेसायझरचा लांबवलेला स्वर, गिटारवादक गिलमोरचे ते चार सूर आणि त्यांच्याभोवती सावकाश जमत जाणारा बँड. वाजवणारी मुलं तयारीची होती, गिटारवाल्याचा हात तर हेवा वाटावा असा. पण नवं पब्लिक कंटाळतं, म्हणून सुरुवात कापली म्हणे. आलाप कापून राग मांडणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते इथे छापण्याजोगं नाही.

माझा आग्रह नेमका उलटा आहे. नवख्याला लांब रचनाच ऐकवावी, पहिल्याच बैठकीत ऐकवावी आणि अख्खी ऐकवावी. प्रॉगमध्ये ऐकण्यासारखं जे काही आहे ते सांध्यांत आहे. एक भाग मावळतो कसा, दुसरा उगवतो कसा, दुसऱ्या मिनिटाला निसटून गेलेली धून सोळाव्या मिनिटाला कुठल्या रूपात परत येते, हे ज्याला ऐकू आलं त्याला प्रॉग कळलं. तुकड्यात सांधाच नसतो, मग नवख्याला दाखवणार काय? ‘मनी’तल्या सात मात्रा? रूपकातली भावगीतं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला सात मात्रांचं अप्रूप ते काय! त्या गाण्यातली गंमत वेगळीच आहे. सॅक्सोफोन सातात वाजतो आणि गिटारची पाळी आली की सगळे चारात येतात. त्या वळणावर अंगावर काटा येतो. तोही सांधाच.

यसचं ‘क्लोज टू द एज’ घ्या. साल १९७२, एलपीची एक अख्खी बाजू, साडेअठरा मिनिटं. आधी पाण्याचा आणि पाखरांचा आवाज, त्यातून एकाएकी अंगावर येणारा गिटार, बास आणि ड्रम्सचा कल्लोळ. नवखा इथे दचकतो, आणि दचकलाच पाहिजे. मधोमध लय जवळजवळ विरून जाते, आवाजावर आवाज चढतात, चर्चमधला ऑर्गन घुमतो. त्यानंतर आधीची चाल परतते तेव्हा तिचं वजन दुप्पट झालेलं असतं, आणि ते वजन मधल्या शांततेने दिलेलं असतं. ही रचना सलग वाजवून ध्वनिमुद्रित झालेलीच नाही. तुकडे वाजवायचे, फीत कापायची, जोडायची, असं ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डच्या हाताखाली ते काम झालं. इथला सांधा अक्षरशः ब्लेडने घातलेला आहे. ड्रमर बिल ब्रुफर्ड ते ध्वनिमुद्रण संपल्यावर यस सोडून किंग क्रिमसनमध्ये गेला आणि ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’, ‘रेड’ अशी त्याहून रांगडी कामं त्याच्या हातून झाली. ‘क्लोज टू द एज’ आवडलं तर ‘रेड’ द्या. आवडलं नाही तरी ‘रेड’ द्या.

बाकीच्यांचा हिशेब झटपट करतो. इयन अँडरसनने, समीक्षक आपल्या आधीच्या ‘ॲक्वालंग’ला उगाच कन्सेप्ट अल्बम ठरवतात म्हणून थट्टेने ‘थिक ॲज अ ब्रिक’ रचला. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि ते गंभीर चेहऱ्यांच्या कामापेक्षा जास्त टिकलं. पंकवाल्यांनी ७६-७७ साली जी शिवीगाळ केली तिच्यातली निम्मी इमर्सन, लेक अँड पामर यांना पोचती करायला माझी हरकत नाही. मॅरिलियनच्या मागे लागलेलं निओ-प्रॉग म्हणजे जेनेसिसची झेरॉक्स. ड्रीम थिएटरचा रियाज मी आदराने ऐकतो, अल्बम नाही. आणि जेंटवाल्यांच्या गिटारला तारा वाढल्या, म्हणणं वाढलं नाही.

मग २०२५ च्या मार्चमध्ये स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ आला आणि हुरूप आला. जग रीलवर बोट फिरवत असताना या माणसाने दोनच रचनांचा अल्बम काढला. एक तेवीस मिनिटांच्या घरात, दुसरी अठराच्या. अंतराळातून पृथ्वी पाहिलेल्या माणसाच्या दृष्टीत जो पालट होतो, तो विषय. पहिल्या रचनेतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसीच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत. त्यांत गल्लीतल्या किरकोळ कटकटी आणि ताऱ्यांची मरणं शेजारी शेजारी येतात, कुणाचाही आवाज न चढता. हा अल्बम नवख्याच्या हातात पहिला म्हणून ठेवायला मला जराही धाकधूक वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. हैदराबादेत मेटलला तोटा नाही. गॉडलेससारखा डेथ मेटल बँड याच शहराने दिला. तेलुगूत चौरस्ता या बँडने लोकगीताला गिटारची जोड दिली. गोड काम आहे, पण पाच मिनिटांत घरी पोचवणारं. प्रॉगच्या बाबतीत मात्र शहर बहुतांशी पाहुण्यांवर जगतं, आणि पाहुणे येतात बंगळुरूहून आणि कोचीहून.

बंगळुरूच्या अगमवर इथे जीव का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. ‘दि इनर सेल्फ अवेकन्स’ (२०१२) आणि ‘अ ड्रीम टू रिमेंबर’ (२०१७) हे त्यांचे अल्बम मला नव्या इंग्रजी प्रॉगमधल्या निम्म्याअधिक मालापेक्षा मोलाचे वाटतात. हरीश शिवरामकृष्णन ‘मनव्यालकिंचरा’ गातो तेव्हा एक गोष्ट घडते ती हैदराबादेतच घडू शकते. गाणारा मल्याळी, बँड कन्नड मुलखातला, पण त्यागराजांची कृती तेलुगू आहे आणि समोर टी-शर्ट घालून उभ्या असलेल्या पोरांना तिचे शब्द कळतात. दोनशे वर्षांपूर्वीचं काकुळतीचं बोलणं त्यांना घरातलं वाटतं. आणि रचनेचं पाहा. कृतीत संगती असतात. तीच ओळ दर आवर्तनात थोडी वाढवत, फुलवत न्यायची, मग अनुपल्लवी, मग चरण, आणि दर वेळी पल्लवीकडे परत. लांब रॉक रचनेला जे हवं ते सगळं इथे आधीपासून तयार आहे. अगमचं कसब असं की त्यांनी गिटारलाही संगती करायला लावल्या. कृतीच्या मागे ड्रम्स बडवत बसले नाहीत. २०२५ च्या ‘अरायव्हल ऑफ दि एथिरिअल’मध्ये वाद्यवृंदाचा पसारा वाढला आणि सांधे त्याखाली थोडे झाकले गेले, असं माझं मत. तरीही हेच लोक पुढे आहेत.

कोचीच्या मदरजेनचा ‘मक्तूब’ (२००८) याच घराण्यातला. शब्द इंग्रजी, पण बैजू धर्मजनची गिटार गमक घेते, सुरावर उभी राहण्याऐवजी सुराकडे घसरत जाते. मुंबईच्या इंडस क्रीडमध्ये उदय बेनेगल आणि आपले महेश तिनईकर. बँडचं नाव रॉक मशीन होतं त्या दिवसांत टाळ्यांची गाणी करणारे हे लोक १९९७ ला बँड मोडून बसले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ घेऊन परतले, तो बराच सावकाश, गुंतागुंतीचा अल्बम. कोशिशचा ‘फिरदौस’ (२०१३) हिंदीत सलग विषय घेऊन उभा राहिला, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

आणि हैदराबादेत राहून नवख्याला लांब ऐकायची भीती घालणाऱ्यांनी वारसी बंधूंच्या कव्वालीला एकदा जाऊन बसावं. अजीज अहमद खाँ वारसींपासून चालत आलेली ही गादी याच शहरातली. मुखड्यात मध्येच दुसऱ्या कवीचा शेर गुंफतात, त्याला गिरह म्हणतात. शेर लांब कुठेतरी नेऊन सोडतो आणि मग सगळा ताफा मुखड्यावर उतरतो, आणि मैफल उसळते. अर्धा-अर्धा तास हे चालतं. तिथे पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुणी छोटी आवृत्ती देत नाही.

शब्द कळण्याचा मुद्दा मी मुद्दाम ताणतो आहे, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे. ढाक्याच्या आर्टसेलने २००६ मध्ये ‘अनिकेत प्रांतर’ हा अल्बम काढला. त्याच नावाचं त्यातलं गाणं सोळा मिनिटांवर जातं. बंगाली शब्द, जडजंबाळ गिटार, मध्ये लांबच लांब वाद्यांचे पट्टे. ते बांगलादेशातल्या पोरांना तोंडपाठ आहे, मैफिलीत पब्लिक बँडबरोबर गातं. त्यांना कुणी ‘सोपं’ प्रॉग आधी भरवलं नव्हतं. स्वतःच्या भाषेत कुणी पुरतं बोललं, एवढंच झालं. नवखा लांबीला घाबरतो हे खोटं आहे. परक्या भाषेतली लांबी त्याला नकोशी होते, आणि आपण उपाय म्हणून भाषेला हात न लावता लांबी छाटतो.

मग मराठीत काय आहे? अभंग आणि डिस्टॉर्शन. अभंग रिपोस्टसारख्या मंडळींनी कॉलेजच्या पोरांच्या तोंडी तुकोबा आणला, त्याबद्दल त्यांचं ऋण मानतो. पण त्या वाटेने निघालेल्या बहुतेकांची कृती एकच: चरण घ्या, मागे चार मात्रांचा ड्रम, मध्ये गिटारचा सोलो, चार मिनिटांत विठ्ठलाचा गजर, संपलं. तुकोबांच्या वाक्यात जी हुज्जत आहे, देवाशी घातलेला वाद आहे, तो संगीतात कुठे उमटतो? गिटार सोलो त्या वादात भाग घेतो का? बहुधा नाही. तो फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहतो. याला फ्यूजन म्हणतात, आणि माझ्यापुरतं त्यातलं बहुतेक काम सांधा टाळण्याची सोय आहे.

संतापाचं कारण हे की लांब रचनेचं शास्त्र मराठीकडे आधीच आहे. नारदीय कीर्तनाचा आराखडा बघा. पूर्वरंगात एक पद घेऊन निरूपण, मग मध्यंतर, मग उत्तररंगात आख्यान, वाटेत ओवी, साकी, दिंडी, कटाव, आणि अखेरीस कीर्तनकार मूळ पदावर परत येतो. दोन बाजूंची एलपीच की ही! आणि ज्या १९७२ मध्ये ‘क्लोज टू द एज’ आणि ‘थिक ॲज अ ब्रिक’ आले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. माणसांच्या हलत्या भिंतीमागून कीर्तन लावणीत शिरतं, लावणी पुन्हा कीर्तनात, आणि प्रत्येक सांध्याला प्रेक्षक एक गुन्हा पाहतो. त्याहून मोठं प्रॉग मला मराठीत माहीत नाही. गिटार नव्हती, एवढंच.

‘मराठी श्रोता आता तेवढा बसत नाही’ हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नये. ‘संगीत देवबाभळी’ २०१७ मध्ये आलं आणि वर्षानुवर्षं चाललं, दोन बायका आणि विठ्ठल एवढ्या भांडवलावर, आणि लोक तिकीट काढून शेवटपर्यंत बसले. पुण्यात सवाई गंधर्वला पोरं शाल घेऊन दिवसच्या दिवस मांडवात असतात. बसणारे आहेत. बसवणारे कचरतात.

शब्द नाहीत, ही सबबही चालणार नाही. अरुण कोलटकर सत्तरीच्या दशकात रॉकच्या वळणाची इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रित करून पाहत होते, आणि अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते. हा माणूस मराठी रॉकच्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्याला आत घ्यायला बँड नव्हता. त्यांच्या ‘भिजकी वही’त (२००३) बायकांच्या दुःखांच्या दीर्घ कविता ओळीने उभ्या आहेत. अल्बमभर पुरेल एवढा ऐवज एका पुस्तकात आहे. हक्कांची परवानगी मिळवणं त्रासाचं असेल. आठ तारांची गिटार जर्मनीहून मागवणंही त्रासाचंच असतं, ते बरं जमतं.

१९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हेच शहर होतं. आज नांदेड-लातूरची पोरं हायटेक सिटीत कोड लिहितात आणि रात्री भाड्याच्या खोलीत हेडफोन लावून गिटार वाजवतात. त्यातल्या काहींना मी ऐकलं आहे. हात सुरेख, चाली इंग्रजी, तोंडातून मराठी शब्द काढायला लाज. घरी आजोबांचं कीर्तन ऐकलेलं असतं, पण ते गावाकडचं म्हणून बाजूला ठेवलेलं. त्यांना माझं सांगणं आहे की नव्या श्रोत्याची काळजी सोडा, तो येईल. वीस मिनिटांची एक मराठी रचना करा. कुणी केली असेल, कच्ची असली, पबवाल्याने परत पाठवलेली असली तरी चालेल, या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. पुढच्या लेखात तिच्यावर लिहीन, आणि दयामाया न दाखवता लिहीन.